जळका पाला

वरोरा नाक्याच्या थोडं पुढे मंजुषाच्या स्कुटीला मागून रिक्षाने टेकवलं, तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि समोरचा रस्ता पार मोकळा होता. लागलं काहीच नाही. नंबर प्लेट वाकली, पिशवीतली दुधाची एक थैली फुटली, एवढंच. रिक्षावाला खाली उतरला, आधी आपलं चाक पाहिलं, मग तिची प्लेट पाहिली, आणि भांडणाच्या सुरात नव्हे, खरंच कळून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "ताई, रस्ता तं पूरा खाली होता. रेस काऊन सोडली?" मंजुषा त्याच्याकडे बघतच राहिली. उत्तर तिच्यापाशी होतं. रस्त्याकडेला झाडूवालीने कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा ढीग करून त्याला काडी लावली होती, त्याचा धूर आडवा येत होता, आणि तो नाकात शिरताच हाताने आपणहून रेस सोडली होती. पण हे सांगायचं कसं? "माहीच चूक आहे, भाऊ," ती म्हणाली, आणि हे शब्द इतक्या सहज तोंडातून निघाले की तिची तीच दचकली. हेच शब्द तीन आठवड्यांपूर्वी तोंडात आले असते तर आज चार वाजता तिला कोणापुढे बसावं लागलं नसतं, आणि पत्रूभाऊ घरी बसला नसता. रिक्षावाला "जाऊ द्या" म्हणून निघून गेला. चंद्रपूरचं ऊन एप्रिलमध्ये आठ वाजताच चटके द्यायला लागतं. ती दुधाने ओली पिशवी धरून धुराकडे तोंड करून उभी राहिली, आणि पायातून जी चुळबूळ सुरू झाली ती घरी पोचेपर्यंत थांबली नाही.

तो दिवस तिच्या डोक्यात दर सकाळी नव्याने सुरू होई. चेन्नईजवळचा गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक, मार्चमधली फेरी, नववा लॅप. गाडी एकाच माणसाची, चारही चाकं उघडी, आणि माणूस जमिनीला लागून इतका खाली निजल्यासारखा बसलेला की दिसतो तो फक्त पुढचा डांबराचा तुकडा. असल्या गाडीत पहिल्याच दिवशी एक गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगतात : चाकाला चाक लागू देऊ नका, मागची गाडी पुढचीवर चढते. मंजुषा चौथी होती, तिच्या मागे बोटभर अंतरावर तिच्याच टीमचा, नागपूरचा पियुष. पुढे उजवीकडचं लांब वळण. त्या वळणाला पलीकडचं दिसत नाही, आणि तिथे पाय पूर्ण दाबून ठेवायचा असतो, कारण पलीकडे काहीही नसतं. काही असलंच तर झेंडे हलतात. रिकाम्या रस्त्यासाठी पगारी माणसं नेमलेली असतात, ही गोष्ट तिला पहिल्या वर्षी चैनीची वाटली होती. तीन वर्षं ते वळण तिने पाय न उचलता घेतलं होतं. त्या दिवशी ट्रॅकबाहेरच्या शेतात कोणीतरी वाळलेलं गवत की पाला पेटवला होता, हेल्मेटच्या फटीतून तो वास आत आला, आणि उजवा पाय उठला. पाव सेकंद. मागून पियुषचं चाक तिच्या चाकावर चढलं आणि त्याची गाडी तिच्या डोक्यावरून गेली. ती गेली तेव्हा क्षणभर सावली पडली, हे मंजुषाला पक्कं आठवत होतं, आणि या सावलीबद्दल तिने कोणाला काहीच सांगितलं नव्हतं.

पियुषच्या मांडीचं हाड मोडलं. मंजुषाची गाडी गरगरत टायरांच्या भिंतीत घुसली, नाक चेपलं, तिला खरचटलंही नाही. तासाभराने एका थंडगार खोलीत शर्यतीच्या समितीचे तिघेजण तिच्यासमोर बसले. त्यांच्यापुढे कागदावर पेडल किती दाबलं ते दाखवणारी एक रेघ होती, आणि त्या रेघेत नवव्या लॅपला एक छोटा खड्डा. इथे काय झालं, असं त्यांनी सौजन्याने विचारलं. तिच्या जिभेवर उत्तर तयार होतं. पण तिला आधी हसू ऐकू आलं, अजून कोणी हसलेलं नसताना. गेली तीन वर्षं प्रत्येक बातमीत ती 'जंगलातून आलेली मुलगी' होती. मुलाखत घेणारे पहिला प्रश्न वाघाचा विचारत आणि ती बिचारी, न पाहिलेले वाघही रंगवून सांगे. आता पाल्याच्या वासाने घाबरले म्हणून सांगितलं तर मेलेच. ती म्हणाली, "पेडल ढिलं वाटलं." तीन शब्द. पेडलपाशी जो सेन्सर असतो त्याचा नट सैल झाला तरी रेघेत असाच खड्डा पडतो, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. नाक चेपलेलं असल्याने तपासायला नट उरलेला नव्हता. आणि तो नट कसायचं काम होतं पत्रू मडावीचं.

पत्रू तिचाच माणूस. तिनेच हट्ट करून टीममध्ये घेऊन गेलेला. बाबा अहेरी डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते तेव्हा पत्रू तिथल्या वर्कशॉपात होता, आणि बारा वर्षांच्या मंजुषासाठी त्याने भंगारातल्या रिक्षाचं इंजिन आणि शाळेच्या बाकाचे पाइप जोडून पहिली बुटकी गाडी केली होती. ती घेऊन ती डेपोच्या मैदानात धूळ उडवी आणि बायका नाकाला पदर लावून "धनराज ड्रायव्हरची पोरगी बिघडली" म्हणत. नागपूरच्या निवड स्पर्धेला तिच्याबरोबर आला तो पत्रूच. तीन शब्दांनंतर चार दिवसांनी टीमने त्याला घरी पाठवलं. जाताना त्याने एका कागदावर सही केली : नट पुरता कसला गेला नसावा. त्याने सही केली याचा अर्थ मंजुषाने आपल्या सोयीने लावून टाकला होता. भाऊला सगळं कळलंय. पाय उचलला हे त्याला कळणार नाही तर कोणाला? त्याने आपल्यासाठी अंगावर घेतलं. ही कल्पना तिला जडही होती आणि उबदारही होती, आणि तिच्या आधारावर तिने तीन आठवडे त्याचा फोन उचलला नव्हता. आज चार वाजता शेवटची सुनावणी होती, स्क्रीनवर. तेच तीन शब्द पुन्हा म्हणायचे, की प्रकरण बंद. पुढच्या मोसमात परदेशी जायला टीमकडून एकच नाव जाणार होतं. तिचं किंवा पियुषचं. पियुष आता कुबड्यांवर होता.

घरी येऊन तिने बाबांच्या जुन्या गाडीची चावी उचलली तेव्हा धनराज पेपर वाचत होते. "कुठी चालली?" "पत्रूभाऊकडे." "आज? चार वाजता तं तुही मीटिंग आहे ना?" "तिथूनच बोलीन." बाबांनी चष्मा वर केला. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, त्याला समोरच्याच्या हाताच्या पकडीवरून बरंच कळतं, पण ते बोलत नाहीत. "त्याले सांग," ते म्हणाले, "बाबानं काही मनावर घेतलं नाई म्हनून. मानूस आहे, एखादा नट राह्यते ढिला." मंजुषा दारातच थबकली. बाबांनी पत्रूला किती मोठ्या मनाने माफ करून टाकलं होतं! तिच्या खोट्यावर बाबांचा चांगुलपणा जाऊन बसला होता. ती चावी मुठीत धरून निघाली.

बल्लारपूर गेलं, कोठारी गेलं. गोंडपिपरीच्या पुढे सूरजागडच्या लोहखाणीकडून येणाऱ्या टिप्परांची रांग लागली, प्रत्येकाच्या ताडपत्रीवर लाल भुकटी, आणि रस्त्याकडेची झाडंही कमरेपर्यंत लाल. सागाची पानं झडलेली, जंगल आरपार दिसत होतं. मनाचं तसं नव्हतं. जाऊन काय बोलायचं याची तिने कोठारीपर्यंत एक जुळणी केली, आष्टीचा पूल येईतो ती मोडून दुसरी केली. वैनगंगेत पाणी थोडं आणि वाळूच फार. मी आलेय एवढंच सांगू का? की तू सही का केलीस असं विचारू, म्हणजे तोच म्हणेल, तुह्यासाठी. मग आपण रडू. रडण्याचीसुद्धा तिने तयारी केली होती, आणि आपल्याला ती आवडतेय हे लक्षात येऊन तिला स्वतःची शिसारी आली. खिडकी खाली केली तर गरम वारा तोंडावर आला, वर केली तर गाडी भट्टी. वळण आलं की पाय उठे. कोणाला सांगावं लागत नसे. इथे उठलेलाच बरा असतो.

हे तिला कोणी शिकवलं तेही आठवत होतं. ती नऊ वर्षांची होती, बाबांच्या एसटीत बॉनेटवर गोधडी टाकून बसली होती, खालून इंजिनची धग, समोर सिरोंच्याचा रस्ता. मोहाचे दिवस. पहाटे गळलेली फुलं पाल्यात हरवू नयेत म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ करतात, तो वास सगळ्या रस्त्याला भरून राहिला होता. एका वळणाच्या बरंच अलीकडे, काहीच दिसत नसताना, बाबांनी पाय उचलला. मागून कोणीतरी कुरकुरलं. गाडी रेंगाळत वळली, आणि धुरातून एकदम एक बाई उभी राहिली, टोपली कमरेला, हातभरावर. तिने गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन पावलं मागे सरली आणि पुन्हा वाकून फुलं वेचायला लागली. तेव्हा बाबा म्हणाले होते, "पाल्याचा वास आला का समजाचं, मानसं वाकून आहेत. वाकलेला मानूस गाडी पाह्यत नाई. आपनच पाय उचलाचा." हे वाक्य तिने पाठ केलं नव्हतं. ते अंगात कधी उतरलं आणि कुठे जाऊन बसलं ते तिला कळलंच नाही. कोच लोकांनी तीन वर्षं घासून घासून तिच्या अंगातल्या सगळ्या सवयी काढल्या, ही एक त्यांना सापडली नाही, कारण चेन्नईला मोह नाही.

आलापल्लीहून एटापल्लीच्या रस्त्याला लागल्यावर पत्र्याचं एक शेड आहे, त्यावर पत्रूने स्वतःच्या हाताने 'येथे सर्व गाड्या दुरुस्त होतील' असं लिहिलंय. पत्रू टीममध्ये गेल्यावर हे शेड त्याचा चुलतभाऊ बघायचा. मंजुषा पोचली तेव्हा बारा वाजून गेले होते. शेडबाहेर तीन मोटारसायकली आणि एक नांगर लावलेला ट्रॅक्टर उन्हात उभे, शेड बंद. पत्रूची बायको सोमारी ओसरीवर मोह पसरत होती. तिने मंजुषाला ओळखलं, पाणी दिलं, आणि 'ये' म्हणाली नाही. "आहे ना, मांगं आहे," ती म्हणाली. "हात नाई लावत तो गाडीले. लोक आनून ठेवतेत, दोन दिवस वाट पाह्यतेत, घेऊन जातेत. घरातला पंखा टांगला तं त्याचा नट चारदा पाह्यला. चढते, पाह्यते, उतरते, परत चढते. मी म्हनलं, येडा झाला का? तं म्हनते, माह्या हाताचा भरोसा नाई राह्यला." मंजुषाच्या हातातला गडू तसाच राहिला. तीन आठवडे मनात जपलेलं ते सगळं, भाऊला कळलंय, भाऊने अंगावर घेतलंय, एका घोटात खाली बसलं.

पत्रू घरामागे चटईवर बसला होता. दाढी वाढलेली, नखं स्वच्छ. त्याची स्वच्छ नखं तिने आजवर पाहिली नव्हती. तो तिला पाहून उठला नाही, पण त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, घाई होती. जणू ती येईल या एकाच आशेवर तो बसला होता. ती चटईच्या कडेला टेकली. "बरं झालं तू आली," तो म्हणाला. "फोन लावून राह्यलो तुले. एक सांग मले. पेडल ढिलं कवा वाटलं? पह्यल्या लॅपपासून का नवव्यालेच? पह्यल्यापासून असंल तं मी कसलाच नाई. नवव्याले असंल तं वायसर गेला असंल. म्या तं कसला होता, मंजू. नट पूरा कसला का कसाची चाबी कट्ट वाजते, तशी वाजली होती, मले आयकू आली होती. पन तू म्हनली ढिलं, मंग ढिलंच असंल ना? तू खोटं काऊन बोलशील?"

पत्रूने तिच्यासाठी काही केलं नव्हतं. त्याने फक्त तिच्यावर विश्वास ठेवला होता. स्वतःच्या कानांपेक्षा, हातांपेक्षा जास्त. मंजुषाला वाटलं, उठावं आणि गाडीत बसावं आणि कुठेही जावं. पाय तशी हालचाल करूही लागले. तिने गुडघ्यांवर हात दाबून धरले. जुळणी केलेलं एकही वाक्य कामाला आलं नाही. "भाऊ, नट ढिला नव्हता," ती म्हणाली. "पेडल बरोबर होतं. मीच पाय उचलला."

पत्रू सावरून बसला. मग त्याने विचारलं ते मेकॅनिकने विचारावं तसं. "पेडल वापस पूरं वर आलं होतं?" "हो." "अडकलं नाई कुठी?" "नाही." "परत दाबलं तवा?" "परत दाबायला वेळच मिळाला नाही." पत्रूने मान हलवली, दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. "पाय काऊन उचलला?" आता तिला सांगायलाच हवं होतं, आणि तिला पुन्हा ते हसू ऐकू येऊ लागलं. "पाला जळल्याचा वास आला," ती म्हणाली. पत्रू हसला नाही. त्याला त्यात नवल वाटण्यासारखं काही दिसलंच नाही. "मंग उचलाच लागते," तो म्हणाला, अगदी सरळ, पाणी प्यायलाच लागते म्हणावं तसं. ज्या एका माणसाला हे अर्ध्या वाक्यात समजलं असतं, त्याच्याच अंगावर तिने ते ढकललं होतं, आणि बाकीचे हसतील म्हणून!

"मंग तिथी काऊन नाई सांगितलं?" पत्रूने विचारलं.

"हसले असते."

"हं," तो म्हणाला. आता त्याचा आवाज बदलला होता, जाड झाला होता. "माह्यावर नाई हसले कोनी. मले गेटपर्यंत सोडाले दोन मानसं दिली. मानसं काऊन, तं मी काही घेऊन जाईन म्हनून. माही पेटी उघडून पाह्यली. बसमध्ये बसलो तं हात पाह्यत आलो मी, तीस तास." तिने माफी मागितली, तो "हं" म्हणाला. ती आणखी काही बोलायला गेली तर त्याने हात वर केला. मारायला नव्हे, नुसता थांब म्हणून. सोमारी दाराशी येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि भांडी मोठ्याने आपटू लागली.

चार वाजता गावाच्या पाण्याच्या टाकीपाशी मोबाइलला रेंज मिळते म्हणून मंजुषा तिथे जाऊन उभी राहिली. "भाऊ, तूपन ये," ती म्हणाली होती. "मी कायले येऊ?" तो म्हणाला. "म्या माहं लिहून दिलं तवाच. तुहं तू बोल." स्क्रीनवर चार चौकोन उघडले. तिघे समितीचे, चौथा टीमचा मॅनेजर. त्याने तिला सवयीने अंगठा दाखवला. मागच्या निवेदनात काही भर घालायची आहे का, असं विचारलं गेलं. टाकीच्या पायरीशी एक बकरी उभी होती आणि वारा मोबाइलच्या माइकमध्ये शिरत होता. हेच तीन शब्द म्हणून टाकले तरी पत्रूला आता खरं ठाऊक आहे, त्याला तेवढं पुरेल, असं मनाचा एक कोपरा अजूनही म्हणत होता. शेवटपर्यंत म्हणत होता. चिवट असतो तो कोपरा. तिने त्याच्या वरून आवाज काढला : पेडल ढिलं नव्हतं, मी पाय उचलला, पत्रू मडावींचा काही दोष नाही, मी खोटं सांगितलं. कारण विचारलं गेलं तेव्हा तेही सांगितलं, पाला, धूर, वाकलेली माणसं, सगळं. कोणीतरी हसलं. फार नाही, नाकातून. तिला वाटलं होतं तितकं ते लागलं नाही. मॅनेजरचा चौकोन मध्येच काळा झाला. समितीच्या अध्यक्षांनी सांगितलं की शर्यतीचा परवाना आजपासून स्थगित, उरलेलं लेखी कळवू, आणि मडावींवरचा शेरा काढण्याची शिफारस होईल. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली. तिच्या तीन वर्षांचा निकाल लागायला एवढा वेळ पुरला, आणि रडायची केलेली तयारी कुठे गेली तेही तिला समजलं नाही.

ती परत आली तेव्हा शेडचं दार उघडं होतं. पत्रू पहिल्या मोटारसायकलीपाशी उकिडवा बसला होता, साखळीवरचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं, नखं काळी व्हायला लागलेली. काय झालं असं त्याने विचारलं नाही. तिनेच सांगितलं, शेरा निघेल म्हणून. "बरं," तो म्हणाला. त्याने झाकण पुन्हा बसवलं, नट फिरवला, चाबी कट्ट वाजली, आणि हात लगेच दुसऱ्या नटाकडे गेला. ओसरीवरून सोमारी पाहत होती. "एकदाच कसला," ती हळूच म्हणाली, कोणाला म्हणून नाही. मंजुषाच्या आत काहीतरी सैल झालं आणि तिला वाटलं, आता बसता येईल. ती त्याच्या शेजारी उकिडवी बसली. पेटीतली पुढची चाबी कोणती लागेल ते तिला ठाऊक होतं. लहानपणी डेपोत तो न बघता हात पुढे करी आणि ती बरोबर तीच चाबी त्याच्या तळव्यात ठेवी. कधी चुकली नव्हती. तिने तेरा नंबरची उचलली आणि पुढे केली.

"ठेव तिथीच," पत्रू म्हणाला. त्याने वर पाहिलं नाही. "माही मी घेतो."

तिने चाबी पेटीत ठेवली. तो वाकला, तिच्यापुढून हात लांब करून त्याने तीच चाबी उचलली आणि कामाला लागला.